मादी आढळली नाही

अहवालाची छापील प्रत सकाळी टेबलावर येऊन पडली. भिंगबाईंनी सवयीप्रमाणे आधी आपली पानं काढली. एकतिसाव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं: ‘सदर जातीची मादी सर्वेक्षणकाळात आढळली नाही. सबब या उतारावर जातीची कायम वस्ती नसून नर फुलपाखरे अन्यत्रून भरकटत आलेली असावीत.’

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. वाक्य तेच होतं.

भिंगबाई शांत बाई. या कार्यालयात त्यांनी अकरा वर्षं काढली, पण त्यांचा आवाज शेजारच्या खोलीत गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. प्राणिशास्त्राची पदवी, गळ्यात दोरीला अडकवलेलं दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि खिशात पेन्सिल. पेन कधीच नाही, कारण दवात शाई पसरते. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं.

एखाद्या जागेवर बांधकाम होण्याआधी तिथं कोणकोणते जीव राहतात ते मोजून द्यायचं, हे कार्यालयाचं काम. या खेपेची जागा म्हणजे शहराबाहेरच्या जुन्या चुनखडीच्या खाणीचा उतार. तो सपाट करून तिथं मालट्रक उभे करायचा तळ व्हायचा होता. अहवालात ‘वस्ती आहे’ असं आलं तर तळ पलीकडच्या पडीक जमिनीवर सरकणार होता. ‘वस्ती नाही’ असं आलं तर महिन्याभरात बुलडोझर.

आणि याच उतारावर भिंगबाईंनी तीन महिने, आठवड्यातून दोनदा, भर उन्हात, ठरलेल्या रेषेवरून ठरलेल्या चालीनं चालून एकशे सदुसष्ट माद्या मोजल्या होत्या. एकेक जाळीत धरून, काचेच्या नळीत घालून, भिंगाखाली बघून, पुन्हा सोडून.

“आढळली नाही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “कुणाला आढळली नाही?”

लहान निळी फुलपाखरं ओळखणं हे येरागबाळ्याचं काम नाही. जीव अंगठ्याच्या नखाएवढा. उडताना सगळी सारखीच दिसतात, त्यामुळे वरचा निळा रंग बघून जो नाव सांगतो तो निम्म्या वेळा चुकतो. ओळख असते पंखाच्या उलट्या बाजूला. तिथं राखाडी जमिनीवर पांढऱ्या कडेचे काळे ठिपके असतात. कुठल्याही माळावर सापडणाऱ्या साध्या जातीत पंखाच्या बुडाशी एकच ठिपका असतो, अनुस्वारासारखा. खाणीच्या उतारावरच्या जातीत दोन, एकाखाली एक, विसर्गासारखे. म्हणून भिंगबाईंच्या वहीत तिचं नाव ‘विसर्गी’ पडलं होतं. दुसरी गोष्ट याहून सोपी, पण लोक तिथंच पाय घसरून पडतात. निळा असतो तो फक्त नर. मादी तपकिरी, वाळक्या पानाच्या रंगाची. तिला जमिनीलगत सरपटणाऱ्या एका पिवळ्या फुलांच्या वेलीवर अंडी घालायची असतात. पक्ष्यांच्या डोळ्यांदेखत निळं मिरवणं तिला परवडत नाही. पंख मिटले की मात्र दोघांचे ठिपके तेच, विसर्ग तोच.

हे सगळं त्यांनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं.

त्या उठून तक्तेवालीकडे गेल्या. ही चोविशीची मुलगी. सगळ्यांच्या वह्यांतले आकडे कॉम्प्युटरवर चढवून त्यांचे तक्ते करायची. भिंगबाईंच्या हातातली प्रत बघताच तिनं खुर्ची मागं सरकवली.

“ताई, तुम्ही येणार हे मला माहीतच होतं. मी तुमच्या वहीतलं जसंच्या तसं भरलं होतं. मग सरांची चिठ्ठी आली.”

चिठ्ठी तिनं जपून ठेवली होती. सरांचं अक्षर सुबक. ‘निळ्या फुलपाखरांच्या तक्त्यात फक्त निळी घ्यावीत. तपकिरी “इतर किरकोळ” मध्ये टाकावीत. वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.’

“इतर किरकोळ म्हणजे कुठं?”

“नाकतोडे आहेत ना, त्यांच्या खाली.”

“आणि मग मादीच्या रकान्यात काय उरलं?”

“शून्य.” मुलीनं मान खाली घातली. “आणि शून्य आलं की ते ‘आढळली नाही’ वाक्य आपोआपच उमटतं, ताई. साचाच तसा आहे. त्याच्या पाठोपाठ ते भरकटण्याचंही येतं.”

“दोनशे बारा नर आणि मादी एकही नाही. ते काय तिथं सहलीला आले होते?”

“मीही तेच विचारलं सरांना. म्हणाले, तू विचार नको करू, टाइप कर.”

भिंगबाईंनी चिठ्ठी मागून घेतली. मुलगी देताना जरा घुटमळली, मग म्हणाली, “घ्या. पण मी दिली म्हणून सांगू नका. नाहीतर सांगा. सगळ्यांना माहीतच आहे, चिठ्ठ्या माझ्याकडंच येतात.”

कार्यालयाचे प्रमुख असलेल्या सरांची डॉक्टरेट गोगलगायींवर होती. बागेतल्या गोगलगायीत नर आणि मादी वेगवेगळे नसतात, दोन्ही कामं एकच जीव उरकतो. सरांचा जगाकडं बघण्याचा सैलपणा तिथूनच आला असावा, असं भिंगबाईंना हल्ली वाटू लागलं होतं. माणूस वाईट नव्हता. कुणाचा पगार अडवला नाही, कुणावर ओरडला नाही. फक्त त्याला कुठलीही गोष्ट पुरती ऐकायला वेळ नसायचा.

“या, या,” भिंगबाई खोलीत शिरताच सर म्हणाले. “प्रत बघितलीत? देखणी झालीय. मुखपृष्ठावर तुमचाच फोटो घेतलाय. पाहिलात का?”

भिंगबाईंनी मुखपृष्ठ पाहिलं नव्हतं. त्या थेट एकतिसाव्या पानावर गेल्या होत्या. आता त्यांनी प्रत उलटवली. गवताच्या काडीवर दोन फुलपाखरं शेपटीला शेपटी जुळवून बसली होती. एक निळं, एक तपकिरी. महिन्यापूर्वी त्यांनी हाच फोटो सरांच्या हातात दिला होता, मागं पेन्सिलीनं ‘विसर्गी, नर व मादी, मीलन’ असं लिहून.

“सर, हे जोडपं आहे.”

“हो ना. गोड आलंय.”

“यातलं तपकिरी आहे ती मादी. आत लिहिलंय मादी आढळली नाही आणि बाहेर तिचा फोटो लावलाय.”

सरांनी मुखपृष्ठ डोळ्यांपासून लांब धरून बघितलं, मग जवळ आणलं. “अहो, पण मुखपृष्ठ इतकं बारकाईनं कोण बघतं?”

भिंगबाईंना कानामागं गरम लागायला लागलं.

“बाई, तुमचं बरोबर आहे,” सर समजुतीच्या सुरात म्हणाले. “शास्त्राच्या दृष्टीनं शंभर टक्के. पण निळ्या फुलपाखरांच्या तक्त्यात तपकिरी घातली की पलीकडचा माणूस म्हणणार, यांना रंगसुद्धा कळत नाहीत. आपण असं करू, पुरवणीत एक टीप घालू.”

“पुरवणी कधी निघते?”

“वर्षअखेरीला.”

“तोवर उतार नसेल.”

“तुम्ही फार मनाला लावून घेता. किड्यामुंग्यांसाठी माणसानं इतकं तापू नये. इथं सही करून टाका, क्षेत्र-निरीक्षकाची.”

“खोट्यावर मी सही करणार नाही.”

“खोटं कुठं आहे? आकडे तुमचेच तर आहेत.”

हे वाक्य मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. आकडे त्यांचेच होते, खरं होतं. त्यांच्याच विटा काढून त्यांच्याच दारावर भिंत घातली होती.

“सर, गोगलगायीत नर-मादी वेगळे नसतात,” त्या म्हणाल्या. “फुलपाखरांत असतात. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे.”

सरांचं हसू जागच्या जागी राहिलं. “ठीक आहे. तुम्हाला सही करायची नसेल तर तक्ता जिनं केला तिची चालते. तळाच्या मंजुरीची सुनावणी गुरुवारी आहे.”

घरी भिंगबाई आणि त्यांची आई अशा दोघीच. आईनं चाळीस वर्षं शिंप्याच्या दुकानात शिवणकाम केलं होतं. आता गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

“सुरी हळू चालव,” आई खुर्चीवरून म्हणाली. “काकडी आहे ती, तुझा साहेब नाही.”

भिंगबाईंनी सुरी ठेवली आणि सगळं सांगितलं. आईनं मध्येच एकदा विचारलं, “उलटी बाजू बघितलीच नाही त्यानं? अगं, कापड घेतानाही माणूस आधी उलटी बाजू बघतो. सुलटी काय, दुकानदार दाखवतोच.” पुढचं तिनं निमूट ऐकलं. शेवटी म्हणाली, “म्हणजे खानेसुमारीवाला घरी आला आणि मिशा असलेली तेवढी माणसं मोजून गेला.”

“तसंच.”

“आणि वर लिहून गेला, या घरात बाईमाणूस नाही. हे सगळे पाहुणे दिसतात.” आई पोट धरून हसली. लेक हसत नाही हे बघून थांबली. “मग आता काय करणार?”

“हरकत घेता येते. पण कार्यालयातल्याच माणसानं कार्यालयाच्या अहवालावर हरकत घ्यायची म्हणजे…”

“म्हणजे काय?”

“नोकरीत राहूनही नसल्यासारखं होईल. पुढची कामं देणार नाहीत. उंदीर मोजायला गोदामात पाठवतील.”

आई थोडा वेळ ओढणीच्या कडेचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसली. “आमच्या दुकानात आम्ही चौघी शिवायचो,” ती म्हणाली. “पाटीवर मास्तरचं नाव. माप मास्तरचं, वाहवा मास्तरची. बाहीत चूक निघाली की तेवढी आमची. चाळीस वर्षं मी ब्र काढला नाही. लोक म्हणायचे, किती समजूतदार. समजूतदार कुठली, घाबरट होते मी.” मग तिनं काकडीकडं बोट दाखवलं. “चिर आता. आणि उंदीरही मोजलेस तर नीट मोज.”

हरकतीच्या खिडकीवरचा लिपिक अंगानं बारीक आणि कामाला चोख होता. त्यानं अर्ज उघडून एकेक रकाना विचारायला सुरुवात केली.

“आपण जागेचे मालक?”

“नाही.”

“शेजारी?”

“नाही.”

“मग बाधित कोण? बाधितांचा रकाना कोरा ठेवता येत नाही.”

“माद्या,” भिंगबाई म्हणाल्या. “एकशे सदुसष्ट.”

लिपिकाचं पेन थांबलं. मग त्यानं गंभीर चेहऱ्यानं ‘बाधित: महिला, एकूण १६७’ असं लिहिलं. ‘मादी’ हा शब्द सरकारी कागदावर बरा दिसत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. भिंगबाईंनी त्याला ते खोडायला लावलं. दुसऱ्या अर्जावर पुन्हा सगळं लिहिताना तो तीनदा उसासला, पण शिक्का मारून पोच दिली. हरकत आली की सुनावणीआधी जागेची पाहणी व्हायची, तसा नियमच होता. पाहणी बुधवारी सकाळी ठरली.

बुधवारी आभाळ गच्च होतं. वारा गार, उन्हाचा पत्ता नाही. गाडी खाणीपाशी थांबली तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर मात्र प्रसन्न ऊन पडलं होतं. अशा हवेत फुलपाखरू उडत नाही एवढं गोगलगायवाल्यालाही ठाऊक असतं.

सुनावणी अधिकारी पोट सुटलेले, निवृत्तीला आलेले गृहस्थ. मागून लिपिक पाटीला कागद लावून चालत होता, त्याच्यामागं ड्रायव्हर. उताराच्या माथ्यावर येऊन सरांनी हात फिरवला. “बघा साहेब. गवत आणि दगड. एकही नाही. वस्ती असती तर चार तरी दिसली असती की नाही?”

अधिकाऱ्यांनी भिंगबाईंकडं पाहिलं. “बाई, तुमचं म्हणणं?”

“खाली खोलगट जागा आहे, वाऱ्याच्या आडोशाला. तिथवर या.”

तिथं गुडघाभर वाळकं गवत होतं. सगळे येऊन उभे राहिले. भिंगबाई एकदम म्हणाल्या, “सर, पाय आहे तिथंच ठेवा. हलवू नका.”

आवाज चढलेला नव्हता, पण सर एका पायावर भार देऊन थिजले. भिंगबाई त्यांच्या बुटाशी वाकल्या आणि गवताची एक काडी हलकेच बाजूला केली. काडीच्या टोकाला, बी धरल्यासारखी, तीन फुलपाखरं डोकं खाली करून पंख मिटून बसली होती. शेजारच्या काडीवर दोन. त्यापलीकडं चार. एकदा डोळ्याला सापडल्यावर मग जिकडं बघावं तिकडं तीच. ढगाळ दिवशी ती अशीच एकमेकांच्या आसऱ्यानं बसतात. ओळखायला याहून चांगला दिवस नाही, कारण उलटी बाजू आपणहून बाहेर असते.

अधिकारी कण्हत गुडघ्यांवर बसले. भिंगबाईंनी गळ्यातलं भिंग काढून दिलं, कसं धरायचं ते दाखवलं. ते डोळ्याला लावून अधिकारी आणखी खाली वाकले.

“बुडाशी दोन ठिपके आहेत,” ते म्हणाले. “एकाखाली एक.”

“सगळ्यांचे बघा.”

त्यांनी बघितलं. लिपिकालाही बघायला लावलं. सगळ्यांच्या बुडाशी दोनच.

“प्रश्न ठिपक्यांचा नाहीच, साहेब,” सर मध्येच बोलले. “जात तीच आहे, आम्ही कुठं नाही म्हणतो? अहवालाचं म्हणणं इतकंच की आले आहेत ते नर. ती तपकिरी वेगळी असतात.”

“वेगळी असतात,” भिंगबाई म्हणाल्या. “मग सर, या काड्यांवरची तुमची कुठली आणि किरकोळातली कुठली, ती वेगळी करून दाखवा.”

सर हसले. कुणी साथ दिली नाही. अधिकारी भिंग पुढं करून म्हणाले, “दाखवा ना. तुमच्याच अहवालात केलीत वेगळी.”

सर वाकले. पंख मिटलेले, राखाडी, ठिपकेदार, सगळी एका साच्यातली. बराच वेळ बघून त्यांनी आठ फुलपाखरांकडं बोट केलं. “ही निळी.” भिंगबाईंनी आठही नळ्यांत घेतली आणि एकेक नळी सगळ्यांच्या हाती दिली. मुठीच्या उबेनं फुलपाखरू जागं होतं आणि पंख उघडतं. अधिकारी, लिपिक, ड्रायव्हर आणि खुद्द सर, सगळे मुठी आवळून, माळावर कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे उभे राहिले.

पहिलं ड्रायव्हरच्या मुठीत उघडलं. “तपकिरी,” तो म्हणाला, आणि आपलीच चूक असल्यासारखा ओशाळला. अधिकाऱ्यांकडचं तपकिरी. लिपिकाकडचं निळं. सरांनी आपली मूठ सगळ्यांत शेवटी उघडली. मग उरलेल्या चार नळ्या फिरवल्या. आठांपैकी पाच तपकिरी निघाली. मग त्या खोलगट जागेतली उरलेलीही भिंगबाईंनी चौघांकडून तशीच उघडवून घेतली, घाई न करता, मोजलेली पुन्हा मोजली जाऊ नयेत म्हणून बाजूला ठेवत. एकूण बावीस. आठ निळी, चौदा तपकिरी.

“ही चौदा तीन महिने कुठं होती?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“माझ्या वहीत होती,” भिंगबाई म्हणाल्या. “अहवालात नाकतोड्यांच्या खाली आहेत.” आणि चिठ्ठी काढून दिली. ती कुणाकडून आली हे त्यांनी सांगितलं नाही.

अधिकाऱ्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली. “अहवाल परत जाईल. नव्यानं मोजणी होईपर्यंत इथं कुदळ लावायची नाही,” ते लिपिकाला म्हणाले. “पंचनामा करा.”

“साहेब, त्यात नमूद करावं,” सर घसा साफ करून म्हणाले, “की ही त्रुटी आमच्याच पथकानं निदर्शनास आणून दिली.”

भिंगबाई नळ्या पुसून पिशवीत ठेवत होत्या. त्यांचा हात थांबला. तीन महिने पायांना फोड आले तेव्हा पथक नव्हतं. एकतिसावं पान छापलं तेव्हाही पथक नव्हतं. आता मात्र आख्खं पथक उतारावर उगवलं होतं.

“पथक नाही,” त्या म्हणाल्या. “मी मोजली. मीच सांगितलं, तीन वेळा. वहीत, फोटोमागं, तोंडी. माझं नाव घाला.”

“अहो, एकच तर आहे ते,” सर म्हणाले.

“एक नाही.”

अधिकाऱ्यांनी त्यांना नाव विचारलं. भिंगबाईंनी पूर्ण नाव सांगितलं, आणि सरांनी ते पहिल्यांदाच कानावर पडत असल्यासारखं ऐकलं. लिपिकानं लिहून घेतलं आणि सहीसाठी कागद पुढं केला.

भिंगबाईंनी सही केली नाही. त्या वाचायला लागल्या, पहिल्या ओळीपासून. वारा कागद उडवत होता, त्यांनी तो गुडघ्यावर दाबून धरला. अधिकारी पाठ चोळत उभे होते. गाडीत बसायची सगळ्यांनाच घाई होती. सहाव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ‘निळ्या जातीची ८ व तपकिरी जातीची १४ फुलपाखरे आढळली.’

इतका वेळ मुठीत धरून, डोळ्यांनी बघून, पुन्हा तेच.

“हे खोडा,” त्या म्हणाल्या. “लिहा, एकाच जातीचे नर आठ, माद्या चौदा.”

“मादी हाच शब्द?” लिपिकानं अवघडून विचारलं.

“हाच.”

त्यानं खोडलं, वर बारीक अक्षरात लिहिलं, बाजूला आद्याक्षरं केली. सरांनी घड्याळ बघितलं. “झालं का, बाई?”

“दुसरं पान राहिलंय,” भिंगबाई म्हणाल्या आणि पान उलटलं.